दूरच्या देशांना चीनची आक्रमकता कशी दिसते? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळमध्ये महिन्यातून एका रविवारी आमचा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यासवर्ग भरतो. निवृत्त बँक कर्मचारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, न्हावा शेवा बंदराशी संबंधित कामे करणारे चार-पाच जण आणि केवळ चहाच्या निमित्ताने येणारे काही, अशी पंचवीस-तीस माणसे जमतात. चीनचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हटकून विचारले जातात, म्हणून ते उत्तरांसह येथे एकत्र लिहून ठेवले आहेत. मी प्राध्यापक नाही. बरीच वर्षे कस्टम्स क्लिअरिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे घोषणांपेक्षा कागद आणि माल यांच्याकडे आधी पाहण्याची सवय जडलेली आहे आणि ती या उत्तरांतही दिसेल.

चीनचे परराष्ट्र धोरण 'आक्रमक' झाले, असे केव्हापासून म्हटले जाते?

डेंग शियाओपिंग यांच्या काळापासून आपले बळ झाकून ठेवावे आणि योग्य वेळेची वाट पाहावी, असे चीनचे सूत्र होते. २००८ च्या जागतिक मंदीत पाश्चात्त्य अर्थव्यवस्था डळमळल्या तेव्हापासून ते सैल होऊ लागले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये शी जिनपिंग पक्षाचे सरचिटणीस झाल्यानंतर ते जवळजवळ मोडीत निघाले. २०१३ मध्ये परदेशांत रस्ते, रेल्वे आणि बंदरे उभारण्याच्या 'बेल्ट अँड रोड' योजनेची घोषणा झाली. त्याच सुमारास दक्षिण चीन समुद्रातील प्रवाळखडकांवर भराव टाकून बेटे उभारण्याचे काम सुरू झाले आणि पुढे त्यांतील काहींवर धावपट्ट्याही आल्या. १२ जुलै २०१६ रोजी याच समुद्राच्या वादात हेग येथील लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला, तो चीनने सरळ धुडकावला. २०१७ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे परदेशातला पहिला लष्करी तळ उघडला. पुढे चिनी राजदूत यजमान देशालाच जाहीरपणे दमात घेऊ लागले, तेव्हा त्या शैलीला 'लांडगा-योद्धा मुत्सद्देगिरी' हे नाव पडले.

मात्र ही सगळी यादी एकाच देशाच्या वाट्याला येत नाही. फिलिपिन्सच्या कोळ्याला तटरक्षक दलाच्या जहाजातून सुटणारा पाण्याचा फवारा दिसतो, केनियाच्या अधिकाऱ्याला कर्जाचा हप्ता दिसतो आणि ब्राझीलच्या शेतकऱ्याला सोयाबीनचे गिऱ्हाईक दिसते. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा हाच आहे.

गलवानमध्ये आमचे २० जवान गेले, तरी पेरू-ब्राझीलसारखे देश चीनशी इतक्या सलगीने कसे वागतात?

या प्रश्नामागे थोडा राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. जून २०२० मध्ये आमच्या वसाहतीतल्या मुलांनी चिनी खेळण्यांची होळी केली होती. त्याच संध्याकाळी दिव्यांच्या माळा आयात करणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा, तपासणीसाठी अडकलेला आपला कंटेनर कधी सुटेल, अशी विचारणा करणारा फोन मला आला होता. कंटेनर जितके दिवस पडून राहील तितके डिटेंशन, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा दंड, त्याच्या डोक्यावर चढत होते. तो देशप्रेमात कमी होता असे मला आजही वाटत नाही. एकाच गावात, एकाच दिवशी, एकच चीन दोन प्रकारे दिसू शकतो, तर लिमामध्ये तो तिसऱ्या प्रकारे दिसला यात नवल नाही.

लिमाच्या उत्तरेला चान्काय येथे उभारलेल्या खोल पाण्याच्या बंदराचे उद्घाटन नोव्हेंबर २०२४ मध्ये शी जिनपिंग यांनी केले. ते 'एपेक' या आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक परिषदेसाठी लिमामध्ये होते आणि समारंभ दूरदृश्य प्रणालीवरून झाला. या बंदरात कॉस्को या चिनी सरकारी जहाज कंपनीचा ६० टक्के वाटा आहे. पूर्वी पेरूचा माल चीनला पोहोचण्यास सुमारे ३५ दिवस लागत, ते चान्कायवरून २३ दिवसांवर येतील असा हिशेब मांडण्यात आला. ब्लूबेरी आणि अॅव्होकाडोसारख्या नाशवंत मालासाठी बारा दिवस म्हणजे काय, हे वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये आंब्याची पेटी उतरवलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. ब्राझीलच्या बाबतीत तर २००९ पासून चीन हा त्याचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे. या देशांना गलवानबद्दल सहानुभूती नाही असे नाही, पण त्यांच्या दैनंदिन हिशेबात ती कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तरीही पेरू डोळे मिटून चालला आहे असे समजू नये. बंदराच्या सेवा पुरवण्याचा एकाधिकार कॉस्कोला चुकून दिला गेला, असे पेरूच्याच बंदर प्राधिकरणाने २०२४ मध्ये म्हटले आणि त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. नंतर कायद्यात बदल करून तो एकाधिकार कायम ठेवण्यात आला आणि दावा मागे घेण्यात आला. मैत्रीच्या भाषणांपेक्षा असे दावे वाचणे अधिक उद्बोधक असते.

मग दक्षिण अमेरिकेत चीनबद्दल तक्रार नाहीच काय?

आहे, आणि ती बहुधा लष्करी नसते. इक्वाडोरचे उदाहरण घ्यावे. तेथील कोका कोडो सिंक्लेअर हा १,५०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प चिनी कर्जाने आणि चिनी कंपनीने बांधला, २०१६ मध्ये शी जिनपिंग यांच्याच उपस्थितीत तो सुरू झाला आणि नंतर त्याच्या यंत्रसामग्रीत हजारो भेगा सापडल्या. प्रकल्प एका जागत्या ज्वालामुखीजवळ आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच नदीवरचा सॅन राफाएल हा प्रसिद्ध धबधबा खचून नाहीसा झाला आणि नदीचे पात्र मागे मागे झिजत वर सरकू लागले. यात धरणाचा दोष किती आणि निसर्गाचा किती यावर भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दरम्यान इक्वाडोरने चीनकडून घेतलेल्या कर्जांपैकी मोठा भाग तेलविक्रीशी बांधलेला होता, म्हणजे वीज अडखळत असतानाही तेलाचे पिंप जातच होते.

त्याच वर्षी गॅलापागोस बेटांभोवतीच्या इक्वाडोरच्या सागरी क्षेत्राच्या काठावर अडीचशेहून अधिक बोटींचा, बहुतांशी चिनी, मासेमारी ताफा येऊन थांबला. बोटी आंतरराष्ट्रीय पाण्यात होत्या, त्यामुळे कायद्याने हाकलता येत नव्हत्या. रात्री समुद्रावर दिव्यांचे शहर उभे राहिल्यासारखे दिसे. परप्रांतीय पर्ससीन आणि एलईडी बोटींवरून आपल्या किनाऱ्यावर होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना इक्वाडोरच्या मच्छीमारांचा संताप वेगळा समजावण्याची गरज नाही.

दक्षिण अमेरिकेच्या नजरेत खरा आक्रमक देश कोणता, अमेरिका की चीन?

तेथे 'आक्रमक महासत्ता' म्हटले की आजही पहिली आठवण बहुतेकांना वॉशिंग्टनची होते. अमेरिकेने १८२३ मध्ये, या खंडांत युरोपने ढवळाढवळ करू नये, असे बजावणारा मन्रो सिद्धान्त जाहीर केला आणि तेव्हापासून दक्षिणेकडचे देश तिच्या सावलीत आहेत. ज्याला शेजारचा बलाढ्य माणूस दोनशे वर्षे छळत आला आहे, त्याला दहा हजार मैलांवरचा बलाढ्य माणूस सौद्याचे साधन वाटतो. पनामाने २०१७ मध्ये, चीन ज्याला आपलाच भाग मानतो त्या तैवानला सोडून चीनशी संबंध जोडले आणि लॅटिन अमेरिकेतून सर्वप्रथम बेल्ट अँड रोडमध्ये प्रवेश केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र मंत्र्यांच्या भेटीनंतर लगेच त्यातून बाहेर पडण्याची घोषणाही त्यानेच केली. सौद्याला मर्यादा असतात.

आफ्रिका चीनला नवा वसाहतवादी मानते काय?

आफ्रिकेत ५४ देश आहेत, म्हणून एका वाक्यात उत्तर देणारा माणूस दिसला की मी सावध होतो.

जुन्या पिढीच्या मनात टाझारा रेल्वे आहे. झांबिया चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला, त्याचे तांबे बाहेर नेण्याचा मार्ग गोऱ्या राजवटींच्या ताब्यातील प्रदेशांतून जाई. पाश्चात्त्य देशांनी टांझानियातील दार-ए-सलाम बंदरापर्यंतचा लोहमार्ग परवडणार नाही म्हणून टाळला, आणि स्वतः गरिबीत असलेल्या चीनने १९७० ते १९७५ या काळात सुमारे १,८६० किलोमीटरची ही रेल्वे बांधून दिली. १९७१ मध्ये बीजिंगला संयुक्त राष्ट्रांतील जागा मिळाली तेव्हा ठरावाच्या बाजूच्या ७६ मतांपैकी सुमारे एक तृतीयांश आफ्रिकेची होती. १९९१ पासून चीनचा परराष्ट्र मंत्री दरवर्षी पहिला परदेश दौरा आफ्रिकेचाच करतो. आपल्याकडे याला कोणी नाटक म्हणेल, पण तीस-पस्तीस वर्षे न चुकता केलेले नाटक यजमानाच्या घरी मान म्हणूनच मोजले जाते.

नव्या पिढीचे अनुभव वेगळे आहेत. एप्रिल २०२० मध्ये ग्वांगझू शहरात कोविडच्या भीतीने आफ्रिकी रहिवाशांना घरांतून आणि हॉटेलांतून बाहेर काढण्यात आले, तेव्हा आफ्रिकी राजदूतांनी एकत्र येऊन चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाला निषेधाचे पत्र लिहिले. आदिस अबाबा येथील आफ्रिकी संघाचे मुख्यालय चीनने सुमारे २० कोटी डॉलर खर्चून २०१२ मध्ये भेट दिले होते. तेथील संगणकांतील माहिती रोज मध्यरात्री शांघायकडे जात होती, असे वृत्त जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सच्या 'ल माँद' या दैनिकाने दिले. चीनने ते साफ नाकारले आणि आफ्रिकी संघाच्या प्रमुखांनीही. फेब्रुवारी २०२५ मध्ये झांबियातील एका चिनी मालकीच्या तांब्याच्या खाणीचा गाळबंधारा फुटला आणि आम्लयुक्त पाणी काफुए नदीच्या खोऱ्यात शिरले. टाझाराची कृतज्ञता आणि काफुएचा राग, दोन्ही एकाच देशात नांदत आहेत.

'कर्जाचा सापळा' ही गोष्ट खरी आहे की प्रचार?

आमच्या वर्गात सर्वांत अधिक वेळ याच प्रश्नावर जातो, कारण सावकाराने जमिनीचे कागद ठेवून घेतल्याची एखादी तरी कथा प्रत्येक घरात असते आणि माणूस ती, कर्जापायी चीनने घेतले असे म्हटले जाणाऱ्या श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराला चिकटवून मोकळा होतो.

झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता थकवला, तो चीनचा नव्हता. पाश्चात्त्य गुंतवणूकदारांच्या डॉलर रोख्यांवरचे ४.२५ कोटी डॉलरचे व्याज होते. पण रोखेधारकांनी सवलत का नाकारली? आपण थांबलो तर वाचलेला पैसा चिनी बँकांकडे जाईल आणि त्यांच्याशी झालेले करार आपल्याला दाखवले जात नाहीत, ही त्यांची अडचण होती. म्हणजे सापळा बंदर हिसकावण्याचा नव्हता. सगळे गुंतले होते ते कागदाच्या गुप्ततेत. २०२१ मध्ये अशा १०० चिनी कर्जकरारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही गोपनीयतेची कलमे ठळकपणे आढळली. झांबियाच्या सरकारी कर्जाची फेररचना व्हायला २०२३ उजाडले आणि त्या ६३० कोटी डॉलरमध्ये चीनचा वाटा ४०० कोटींहून अधिक होता.

केनियात हाच मुद्दा निवडणुकीत आला. मोंबासा-नैरोबी रेल्वे मे २०१७ मध्ये सुरू झाली. तिचा बहुतेक पैसा चीनच्या एक्झिम बँकेचा. करार दाखवा, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने वचनाप्रमाणे त्यातील काही कागद उघड केले. मोंबासा बंदर गहाण पडल्याच्या अफवा त्यापूर्वी इतक्या फिरल्या होत्या की, खरे कागद समोर आल्यावर पुष्कळांचा हिरमोड झाला. माझ्या धंद्यातला अनुभवही असाच आहे. कागद लपवला की त्यात असेल त्याहून वाईट लिहिले आहे, असे समोरचा गृहीत धरतो.

पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांना चीन आणि अमेरिका यांच्यातल्या चढाओढीचे काय वाटते?

सॉलोमन बेटांनी सप्टेंबर २०१९ मध्ये तैवानला सोडले आणि एप्रिल २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार केला. ऑस्ट्रेलियात खळबळ उडाली. १९९३ मध्ये बंद केलेला, बेटांची राजधानी होनियारा येथील दूतावास अमेरिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडला. दुसऱ्या महायुद्धात याच बेटांवर झालेल्या ग्वाडलकनालच्या लढाईत हजारो सैनिक गमावलेल्या देशाला तीस वर्षे तेथे दूतावासाची गरज वाटली नव्हती, ही गोष्ट बेटांवरचे लोक विसरलेले नाहीत.

पण चीनलाही तेथे सगळेच मिळाले नाही. मे २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्री वांग यी पोलीस प्रशिक्षणापासून सायबर सुरक्षेपर्यंत सर्व काही असलेला प्रादेशिक करार घेऊन फिजीच्या सुवा येथे गेले आणि दहा बेटराष्ट्रांचे त्यावर एकमत झाले नाही. कराराचा मसुदा आधी तयार करून मग सहीसाठी फिरवायचा, ही पद्धत त्यांना रुचली नाही, कारण तेथे आधी बसून बोलण्याची रीत आहे. शिवाय या देशांनी २०१८ च्या बोए जाहीरनाम्यात आपल्याला सर्वांत मोठा धोका हवामानबदलाचा आहे, असे लिहून ठेवलेले आहे. दोन्ही महासत्तांचे प्रतिनिधी येऊन एकमेकांबद्दल सावध करतात आणि यजमान भरतीच्या पाण्याकडे बोट दाखवतात.

युरोपला चीन दूर आहे, तरी तेथे वातावरण इतके का पालटले?

व्यापाराच्या शिक्षेचा चटका बसल्यामुळे, हे माझे उत्तर. लिथुआनियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये विल्नियस येथे 'तैवानी' या नावाने प्रतिनिधी कार्यालय उघडू दिले. सर्वसाधारण प्रथा 'तैपेई' लिहिण्याची आहे. एवढ्या एका शब्दावरून चीनने राजनैतिक संबंधांचा दर्जा उतरवला आणि डिसेंबरमध्ये लिथुआनियाच्या निर्यातदारांना असे आढळले की चिनी कस्टम्सच्या संगणकात मूळ देशाच्या यादीत त्यांचा देशच उरलेला नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्स अर्ज, भरताना देशाचा रकाना उघडावा आणि त्यात आपले नाव नसावे, ही कल्पना मला तरी कोणत्याही धमकीपेक्षा भयंकर वाटते. चीनसाठी निघालेल्या लिथुआनियन रमच्या वीस हजारांवर बाटल्या तेव्हा तैवानच्या सरकारी मद्य कंपनीने विकत घेतल्या आणि ती रम कशी वापरावी याच्या पाककृतीही तेथे छापून आल्या.

युरोपबाहेरही असाच चटका बसला. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली, तेव्हा पुढच्याच महिन्यात तिच्या बार्लीवर ८० टक्क्यांहून अधिक आयातशुल्क बसले आणि नंतर वाइनवर २०० टक्क्यांच्या वर गेले. बार्लीवरचे २०२३ मध्ये आणि वाइनवरचे २०२४ मध्ये उठले. ऑस्ट्रेलियाने चौकशीची मागणी मागे घेतलेली नव्हती. उलट बाजूला ग्रीस आहे. पिरेअस बंदरात कॉस्कोने २०१६ मध्ये बहुमताचा वाटा घेतला आणि जून २०१७ मध्ये चीनच्या मानवाधिकार स्थितीवर युरोपीय संघाचे जे निवेदन जायचे होते, ते ग्रीसने अडवले. इटली २०१९ मध्ये बेल्ट अँड रोडमध्ये गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडला. अपेक्षेइतकी निर्यात वाढली नाही, हे त्याचे कारण होते.

संयुक्त राष्ट्रांत हे देश कोणाच्या बाजूने मत देतात?

ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनच्या शिंजियांग प्रांतातील वीगुर मुस्लिमांच्या स्थितीवर फक्त चर्चा व्हावी, असा प्रस्ताव मानवाधिकार परिषदेत आला आणि १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. पाकिस्तान, इंडोनेशिया, कझाकस्तान यांनी चर्चेच्या विरोधात मत दिले. सोमालियाने चर्चेच्या बाजूने दिले. तटस्थ राहिलेल्या ११ देशांत ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना होते आणि भारतही होता. 'मुस्लिम देश गप्प का?' असे तावातावाने विचारणाऱ्यांना मी शेवटचे नाव मुद्दाम वाचून दाखवतो.

थोडक्यात 'दुरून डोंगर साजरे', एवढेच ना?

ही म्हण प्रत्येक वेळी कोणीतरी टाकतोच. ती येथे अर्धीच लागू पडते. अमेरिकेतील प्यू या जनमत पाहणी संस्थेने २०२३ मध्ये २४ देशांत केलेल्या पाहणीत चीनबद्दल प्रतिकूल मत असणाऱ्यांचा मध्यक ६७ टक्के होता आणि त्यात चीनपासून फार दूर असलेले युरोपीय देश पुष्कळ होते. उलट केनिया आणि नायजेरियात मत अनुकूल होते आणि तेथे चीन 'दुरून' दिसत नाही, रस्त्यावर, पुलावर आणि मोबाइलच्या दुकानात दिसतो. तेव्हा किलोमीटर मोजून काही उमगत नाही. त्या देशाच्या उशाला दुसरा कोणता डोंगर आहे, हे पाहिले की पुष्कळसा उलगडा होतो. दक्षिण अमेरिकेच्या उशाला अमेरिका आहे, पश्चिम आफ्रिकेच्या उशाला फ्रान्सच्या जुन्या वसाहतींचा इतिहास आहे, पॅसिफिकच्या उशाला ऑस्ट्रेलिया आहे. आपल्या उशाला खुद्द चीन आहे, ३,४८८ किलोमीटरच्या सीमेसह, म्हणून आपले मत वेगळे आहे, आणि ते तसेच असणार.

तैवानला मान्यता देणारे देश आता किती उरले, आणि सोडून गेलेल्यांना काय मिळाले?

जानेवारी २०२४ मध्ये नाऊरू गेल्यानंतर १२ उरले. आफ्रिकेत एकटा एस्वातिनी, दक्षिण अमेरिका खंडात एकटा पॅराग्वे. काय मिळाले याचे उत्तर प्रत्येकाचे निराळे आहे, पण होंडुरासचे मला विशेष लक्षात राहिले. मार्च २०२३ मध्ये त्याने चीनला मान्यता दिली. त्याची कोळंबी तोवर प्रामुख्याने तैवानला, मुक्त व्यापार करारामुळे सवलतीत, जात असे. ते गिऱ्हाईक तुटले. चीनची बाजारपेठ प्रचंड होती, पण तेथे इक्वाडोरची कोळंबी आधीच ढिगाने जात होती आणि भाव होंडुरासच्या तळेवाल्यांना परवडेना, म्हणून तळी बंद पडू लागली आणि कामगार घरी बसले. हे मी वर्गात सांगितले तेव्हा करंजा बंदरावरून येणाऱ्या आमच्या एका मावशींनी एकच प्रश्न विचारला, "किलोला किती कमी मिळाले त्यांना?"